भातानंतरच्या वालाची बीजप्रक्रिया : नवख्यांसाठी

भात कापून उडव्या रचल्या की खाचरातली ओल रोज थोडी थोडी खाली उतरू लागते. पहिल्या आठवड्यात मूठभर माती दाबली तर तिचा लाडू होतो, पुढच्या आठवड्यात तो बोटाने टोचताच फुटतो, आणि त्यानंतर जमिनीला भेगा पडू लागतात. कोकणात वाल, चवळी, कुळीथ ही पिके याच उतरत्या ओलीवर घेतली जातात. विहिरीचे किंवा बंधाऱ्याचे पाणी ज्याच्यापाशी आहे त्याची गोष्ट वेगळी. पण केवळ ओलीच्या भरवशावर पेरणाऱ्याला नांग्या भरण्याची, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टाकण्याची, दुसरी संधी मिळत नाही, कारण कुठे उगवले नाही हे कळेपर्यंत वरचा थर कोरडा झालेला असतो. पहिल्या दहा-बारा दिवसांत जेवढी रोपे उभी राहिली तेवढेच आपले पीक, असा हा हिशेब आहे. बीजप्रक्रियेवर खर्च थोडा होतो आणि लाभ नेमका या दहा-बारा दिवसांत मिळतो, म्हणून नवीन शेती करणाऱ्याने खतांच्या आणि फवारण्यांच्या आधी हे काम नीट शिकून घ्यावे.

बीजप्रक्रिया म्हणजे पेरणीपूर्वी बियाण्याच्या सालीवर औषधाचा किंवा उपयुक्त जिवाणू-बुरशीचा पातळ थर चढवणे. त्यामुळे मातीतील आणि बियाण्यावरील बुरशीपासून अंकुराचे काही दिवस संरक्षण होते आणि मुळांवर नत्राच्या गाठी लवकर बसतात. मेलेले बी त्याने जिवंत होत नाही, शेंगा पोखरणारी अळी थांबत नाही आणि पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा पिवळा केवडा हा विषाणूरोगही टळत नाही. एवढे आधीच स्पष्ट असले म्हणजे दुकानदाराने सुचवलेल्या पाच पुड्यांपैकी कोणत्या दोन घ्यायच्या हे ठरवणे सोपे जाते.

आधी बी पाहावे

पहिला प्रश्न नावाचा आहे. आपल्याकडे ‘घेवडा’ हा शब्द दोन वेगळ्या वनस्पतींसाठी वापरतात. रायगडातला कडवा वाल, पावटा आणि परसातल्या मांडवावरचा वालघेवडा हे एकाच वनस्पतीचे प्रकार आहेत; श्रावणघेवडा आणि राजमा ही मात्र निराळी वनस्पती आहे. फरक रायझोबियमचे, म्हणजे मुळांवर नत्राच्या गाठी करणाऱ्या जिवाणूंचे, पाकीट घेताना आड येतो. वाल, चवळी, कुळीथ, मूग, उडीद, तूर आणि भुईमूग यांच्या मुळांवर एकाच गटातले जिवाणू गाठी करतात व तो गट ‘चवळी गट’ म्हणून ओळखला जातो. राजमा व श्रावणघेवड्याला वेगळे जिवाणू लागतात, हरभऱ्याला आणखी वेगळे, सोयाबीनला त्याहून वेगळे. घाटावरून आलेल्या मालात हरभऱ्याची आणि सोयाबीनची पाकिटे अधिक असतात आणि ‘कडधान्याचे आहे, चालेल’ असे म्हणून ती वालासाठी विकली जातात. ती चालत नाहीत. पाकिटावर पिकाचे नाव वाचूनच घ्यावे.

बियाणे घरचे असेल तर ते बहुधा राखेत ठेवलेले असते. राख भुंग्याला दूर ठेवते खरी, पण तिची भुकटी सालीवर राहिली तर संवर्धकाला (पाकिटातल्या जिवाणूंच्या भुकटीला) नीट चिकटू देत नाही, म्हणून बी सुपात पाखडून कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. मग ते ताटात पसरून भोके पडलेले, सुरकुतलेले, डाग असलेले आणि साल फुटलेले दाणे वेगळे काढावेत. काळपट खोल डागाचे दाणे विशेष कटाक्षाने काढावेत, कारण करप्यासारखे काही रोग बियाण्यातूनच पुढच्या पिकात येतात. विकतचे बियाणे घ्यायचे असल्यास दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेले वाल आणि चवळीचे वाण, म्हणजे कोकण वाल १, कोकण वाल २, कोकण सदाबहार, कोकण सफेद, यांची चौकशी करावी. काही बियाणे पिशवीत येतानाच औषध लावलेले व रंगीत असते. त्याला पुन्हा बुरशीनाशक लावू नये.

त्यानंतर उगवणचाचणी. ज्या घरात बिरड्यासाठी वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले जातात त्या घराला ही चाचणी वेगळी शिकवावी लागत नाही. फरक इतकाच की इथे मोजायचे असते. न निवडता घेतलेले शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, गोणपाटाची सैल गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि रोज थोडे पाणी शिंपडावे. सातव्या-आठव्या दिवशी उघडून धड मूळ व धड कोंब असलेले दाणेच मोजावेत. नुसते फुगलेले, बुळबुळीत झालेले किंवा दगडासारखे कोरडे राहिलेले धरू नयेत. वाल व चवळीच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के असावी लागते. घरच्या बियाण्याची त्याहून थोडी कमी आली तर एका टोकणीला (बी टाकायच्या भोकाला) एकाऐवजी दोन दाणे टाकून भागते. साठच्या खाली आली तर बियाणे बदलावे. ही चाचणी भात शेतात उभे असतानाच करावी, म्हणजे बदलायला वेळ मिळतो.

खाचरातली माती

पावसाळाभर चिखलणीच्या पाण्याखाली राहिलेल्या जमिनीत हवा नसते आणि गाठी करणाऱ्या जिवाणूंची संख्या घटते. त्यातून आपली जांभी माती आम्लधर्मी. तिच्यातले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) बांधून ठेवतात, आणि आम्लपणा जिवाणूंनाही मानवत नाही. म्हणून ‘आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या वाल होतो, संवर्धक कशाला’ हा प्रश्न रास्त असला तरी भातानंतरच्या खाचरात रायझोबियम लावणे शहाणपणाचे ठरते. त्याच्या जोडीला स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ज्यांना सगळे ‘पीएसबी’ म्हणतात, तेही लावावेत. ते अडकलेल्या स्फुरदाचा काही भाग मुळांना मिळवून देतात. स्फुरदयुक्त खताची जागा मात्र ते घेत नाहीत.

बुरशीच्या बाजूने पाहिले तर हंगामानुसार शत्रू बदलतो. पावसाळ्यात वरकस (उताराच्या, हलक्या) जमिनीवर टोकलेली चवळी पाण्यात कुजते, किंवा उगवल्यावर जमिनीलगत पाणथळ होऊन कोलमडते. भातानंतरच्या पिकात सुरुवातीच्या ओलसर, उबदार दिवसांत खोडाच्या बुंध्याशी कापसासारखी पांढरी बुरशी दिसते आणि काही दिवसांनी तिच्यात मोहरीएवढे तपकिरी गोळे तयार होतात. रोप उपटून बुंधा पाहिल्याशिवाय हे गोळे दिसत नाहीत, आणि नवखा शेतकरी पाणी कमी पडल्याने रोप सुकले असे समजून सोडून देतो. पुढे ओल संपून ऊन वाढले की कोरडी मूळकूज येते. या सर्व बुरश्या मातीत राहतात. बीजप्रक्रिया त्यांचा नायनाट करत नाही. रोप कोवळे असते त्या काळात ती त्याला आडोसा देते.

रसायन की ट्रायकोडर्मा

येथे निवड करावी लागते, आणि बहुतेक चुका याच ठिकाणी होतात. कार्बेन्डाझिम हे आंतरप्रवाही बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारते, कारण ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे, फक्त उपयुक्त. दोन्ही एकाच बियाण्याला चोळणे म्हणजे पैसे देऊन राखणदार आणायचा आणि त्यालाच कोंडून ठेवायचे. शिवाय पाण्यातल्या सडीला कारणीभूत असणाऱ्या बुरशीवर एकटे कार्बेन्डाझिम चालत नाही. त्यासाठी थायरमसारखे स्पर्शजन्य औषध सोबत लागते.

माझे मत असे की जेथे गेल्या वर्षी रोपे जागोजाग मेली होती, पाणी साचते किंवा पावसाळी चवळी टोकायची आहे, तेथे रासायनिक मार्ग घ्यावा. जेथे निचरा बरा आहे, दोन-तीन वर्षे मर (रोपे सुकून मरण्याचा रोग) दिसलेली नाही आणि शेणखत पडते, तेथे ट्रायकोडर्मा पुरेसा आहे. कारण तो जिवंत आहे, सेंद्रिय पदार्थावर वाढतो, मुळाभोवती पसरतो आणि रोगकारक बुरशीच्या धाग्यांना वेढून त्यांचे आवरण विरघळवतो. कोरड्या, खत नसलेल्या मातीत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. दोन्हींचा लाभ हवाच असेल तर बियाण्याला रसायन लावावे आणि ट्रायकोडर्मा चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर गोणपाटाखाली दहा-पंधरा दिवस सावलीत वाढवून ते खत जमिनीत द्यावे. साधारण १०० किलो खताला १ किलो भुकटी धरतात.

कीटकनाशकाच्या बीजप्रक्रियेबद्दल थोडक्यात सांगतो. मावा, तुडतुडे यांसाठी अशी औषधे मिळतात, परंतु थोड्या क्षेत्रावर प्रथमच वाल घेणाऱ्याला त्यांची गरज सहसा पडत नाही. वापरायचेच असेल तर त्या पिकासाठी नोंदणी आहे का हे लेबलवर पाहून, लेबलवरील मात्रेनेच वापरावे. क्रम ठरलेला आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सर्वांत शेवटी जिवाणू. कृषी सहायक हा क्रम लक्षात राहावा म्हणून इंग्रजी आद्याक्षरांवरून (फंगिसाइड, इन्सेक्टिसाइड, रायझोबियम) ‘एफआयआर’ असे सांगतात. पोलीस ठाण्याशी त्याचा संबंध नाही.

दोन किलो वालाची कृती

परसातल्या एक-दोन कुणग्यांपुरते (छोट्या खाचरांपुरते) दोन किलो बियाणे आहे असे धरू. वजनकाटा सोनाराच्या धर्तीचा, ग्रॅम दाखवणारा असावा, कारण चमचा-चिमटीच्या अंदाजाने औषध हमखास जास्त पडते.

रासायनिक मार्ग घेतला असेल तर हे काम पेरणीच्या किमान एक दिवस आधी उरकावे. कडधान्यांसाठी सर्वसाधारण शिफारस दर किलो बियाण्यास २ ग्रॅम थायरम आणि १ ग्रॅम कार्बेन्डाझिम अशी आहे. म्हणजे आपल्या दोन किलोंना ४ ग्रॅम आणि २ ग्रॅम. खरेदीपूर्वी लेबल व तालुक्याच्या कृषी कार्यालयाचा सल्ला पाहावा, कारण औषधांच्या नोंदणीचे नियम बदलत असतात. हातमोजे घालावेत, नाका-तोंडाला मास्क लावावा, वाऱ्याकडे पाठ करून बसावे. स्वयंपाकघरातले भांडे वापरू नये; झाकणाचा जुना प्लास्टिकचा डबा या कामासाठी कायमचा वेगळा ठेवावा आणि त्यावर तसे लिहावे. डब्यात बी घालून त्यावर १५-२० मिलिलिटर पाणी शिंपडावे, दाणे जेमतेम ओलसर झाले की भुकटी टाकावी, झाकण लावून डबा आडवा धरून पाचएक मिनिटे सावकाश घोळावा. प्रत्येक दाण्यावर सारखा रंग आला पाहिजे. मग सावलीत, कोंबड्या आणि मुले पोहोचणार नाहीत अशा जागी गोणपाटावर वाळवावे. उरलेले बी कोणत्याही कारणाने आमटीत, खुराड्यात किंवा गुरांच्या गव्हाणीत जाऊ नये. कितीही धुतले तरी ते खाण्यायोग्य होत नाही. विहिरी-ओहोळापासून दूर खोल खड्डा करून पुरावे.

जैविक मार्ग घेतला असेल तर वरचा परिच्छेद सोडून थेट येथून सुरुवात करावी. आदल्या संध्याकाळी १०० मिलिलिटर पाण्यात १२ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करावा. कोमट द्रावणसुद्धा चालत नाही. हात बुडवला तर थंडच लागला पाहिजे. पेरणीच्या सकाळी बी ताडपत्रीवर किंवा घमेल्यात घेऊन त्यावर ६० मिलिलिटरच्या आसपास द्रावण शिंपडावे, हलक्या हाताने खालीवर करावे आणि मग १० ग्रॅम ट्रायकोडर्मा टाकून घोळावे. हे प्रमाण किलोला ५ ग्रॅम असे पडते. त्यावर ५० ग्रॅम रायझोबियम आणि ५० ग्रॅम पीएसबी, म्हणजे किलोला प्रत्येकी २५ ग्रॅम, घालून पुन्हा घोळावे. द्रवरूप संवर्धक असेल तर किलोला ५ ते १० मिलिलिटर पुरते आणि गुळाचे पाणी कमी करावे. ज्यांनी आधी रसायन लावले आहे त्यांनी ट्रायकोडर्मा वगळून केवळ रायझोबियम व पीएसबी लावावेत, त्यांची मात्रा दुप्पट करावी आणि बी हाताळताना हातमोजे ठेवावेत.

यात जोर करू नये. वालाची साल भिजली की सैल पडते आणि तळहाताने रगडले तर डोळ्यापाशी, पांढऱ्या रेघेच्या कडेने, चिरते. अशा चिरलेल्या दाण्यातून गोडसर रस मातीत उतरतो आणि बुरशीला आमंत्रण मिळते. भाताचे बी जसे मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे काढतात आणि नंतर भिजत ठेवतात, तसे कडधान्याला करू नये. बीजामृत (शेण-गोमूत्राचे द्रावण) वापरणाऱ्यांनीही बी त्यात भिजत न ठेवता शिंपडून लगेच वाळवावे, आणि ते रायझोबियमला पर्याय आहे असे मानू नये.

सावलीत अर्धा-पाऊण तास पसरल्यावर दाणे एकमेकांना चिकटेनासे होतात. तेव्हा पेरणीस घ्यावेत आणि दुपारपर्यंत संपवावेत.

पाकीट जिवंत ठेवणे

खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीच्या रायझोबियममध्ये एका ग्रॅमला किमान पाच कोटी जिवाणू असावे लागतात. हा आकडा कारखान्यातून निघतानाचा नव्हे, वापराच्या मुदतीत टिकायला हवा असा आहे. पण पत्र्याच्या छपराखाली, ऑक्टोबरच्या उन्हात, रासायनिक खतांच्या गोण्यांवर ठेवलेल्या पाकिटात तो टिकत नाही. उत्पादनाची तारीख आणि अंतिम मुदत वाचावी, पाकीट कोरडे, ठिसूळ ढेकळासारखे झाले असेल तर परत करावे आणि घरी माठाजवळच्या थंड कोपऱ्यात ठेवावे. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नये.

मी स्वतः पहिल्या वर्षी या बाबतीत दोन चुका एकदम केल्या. पाकिटे आणून स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि ती दोन दिवस तिथेच उन्हात राहिली. आणि पेरणीच्या सकाळी घाईत कार्बेन्डाझिम, ट्रायकोडर्मा व रायझोबियम एकाच घमेल्यात कालवले. उगवण छान झाली. महिन्याभराने पाने फिकट पिवळी दिसू लागली तेव्हा एक रोप खणून पाण्यात धुतले, तर मुळे दोऱ्यासारखी स्वच्छ, पांढरी, गाठ औषधालाही नाही. शेजारच्या काकांनी काहीही न लावता टोकलेल्या वालाला माझ्याहून अधिक गाठी होत्या, आणि त्यांनी ते दोनदा बोलून दाखवले.

चुन्याविषयी

आम्ल जमिनीत जिवाणूंना थोडे संरक्षण म्हणून संवर्धक लावलेल्या दाण्यांवर चुनखडीच्या अतिशय बारीक भुकटीचा पातळ लेप देण्याची पद्धत आहे. ओलसर दाण्यांवर भुकटी भुरभुरवून दाणे पांढुरके होईपर्यंत घोळायचे, इतकेच. येथे शब्दाचा घोटाळा होतो. आपल्याकडे चुना म्हटले की पानाला लावायचा चुना किंवा भट्टीतला, शिंपल्या भाजून केलेला चुना डोळ्यांसमोर येतो. भाजलेला आणि विझवलेला असे दोन्ही चुने दाहक असतात आणि जिवाणू जागच्या जागी मारतात. न भाजलेली चुनखडीच लागते. ती खात्रीची मिळत नसेल तर हा टप्पा सोडून द्यावा. वालाचे त्यावाचून फारसे अडत नाही.

टोकण

वापसा पाहूनच टोकावे. चिखल पायाला चिकटत असेल तर दोन दिवस थांबावे, कारण ओल्या, हवा नसलेल्या भोकात कोणतीही प्रक्रिया बियाण्याला वाचवत नाही. बी ४ ते ५ सेंटिमीटर खोल, ओलीला टेकेल असे टाकावे आणि भोक भुसभुशीत मातीने लगेच बुजवावे. उघडे राहिलेले दाणे पाखरे नेतात आणि उन्हाने संवर्धकही मरते. काम सकाळी लवकर करावे, आणि बियाण्याची टोपली ओल्या फडक्याने झाकून बांधाच्या सावलीत ठेवावी. संवर्धक लावलेले बी रासायनिक खतात मिसळून टाकू नये. खत द्यायचे असेल तर ते बाजूला आणि बियाण्याच्या खाली जावे.

एक ओळ प्रक्रियेविना टोकून तिच्या टोकाला काठी रोवून ठेवावी. पुढच्या वर्षी पैसे कशावर घालायचे हे कोणत्याही सल्ल्यापेक्षा ती ओळ अधिक खरे सांगते.

पाहणी

आठव्या दिवसाच्या सुमारास प्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या ओळींतली शंभर-शंभर टोकणे मोजून किती उगवली ते वहीत लिहावे. जिथे कोंब वर आला नाही तिथे बोटाने माती बाजूला करून दाणा शोधावा. दाणा मऊ आणि बुरशीने वेढलेला असेल तर तो कुजला, कोरडा आणि जसाच्या तसा असेल तर ओल कमी पडली, नाहीसाच झाला असेल तर उंदीर किंवा पाखरू. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि त्यांतल्या पहिल्यावरच बीजप्रक्रिया चालते.

तीस-पस्तीस दिवसांनी, फुले येण्याआधी, चार ठिकाणची रोपे कुदळीने मातीसकट उचलावीत. ओढून उपटली तर गाठी मातीतच राहतात. मुळे बादलीच्या पाण्यात हलवून धुवावीत आणि जाड मुळांजवळची एखादी गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-तांबूस रंग असेल तर ती काम करते आहे. आतून पांढरट किंवा हिरवट असेल तर गाठ आहे, काम नाही. गाठीच नसतील तर या हंगामात बियाण्याकडे परत जाता येत नाही. अशा वेळी फुलोऱ्याच्या सुरुवातीला १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया विरघळवून, म्हणजे २ टक्क्यांचे द्रावण करून, संध्याकाळी पानांवर फवारावे.